आई-बाबा विसरायला लागलेत? बदाम आणायच्या आधी हे एकेक करून बघा

"आईला हल्ली काही लक्षात राहत नाही, तिला खायला काय देऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तरात बदाम, अक्रोड नाहीतर एखाद्या पावडरचं नाव हवं असतं. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, खाण्याबद्दल बोलायला मला कधीही आवडतं. पण खरं सांगू का, या विषयात खाण्याचा नंबर चौथा-पाचवा लागतो, त्याच्या आधी चार गोष्टी बघून घ्यायच्या असतात आणि त्या बघायच्या राहून जातात कारण घरात सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं की वय झालंय, आता असंच चालायचं. वय हे कारण असतं, नाही असं नाही, पण ते सगळ्यात शेवटी मान्य करायचं कारण आहे. आधी बाकीची तपासून संपवायची.

त्यामुळे खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा. मधली पायरी गाळून थेट ताटावर उडी मारू नका.

पायरी 1: नेमकं काय विसरतायत ते दोन आठवडे लिहून काढा

वय वाढलं की डोक्याचा वेग कमी होतो, आणि हे साठीत नाही तर तिशीपासूनच हळूहळू सुरू होतं, फक्त तेव्हा जाणवत नाही. नाव ओठावर येऊन अडकणं, एका वेळी दोन कामं करताना गोंधळणं, चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, नवीन मोबाईल शिकायला वेळ लागणं, हे सगळं त्यातलंच. उलट शब्दसंपत्ती, व्यवहाराची समज, माणसं ओळखण्याची हातोटी हे उतारवयातही छान टिकतं, शब्दसंपत्ती तर साठीपर्यंत वाढतसुद्धा राहते. म्हणजे बाबांना शेजारच्या मुलाचं नाव चटकन आठवलं नाही पण दहा मिनिटांनी "अरे हां, तो!" असं झालं, तर ठीक आहे. माहिती डोक्यात आहे, बाहेर यायला वेळ लागतोय.

काळजीचं काय? एकच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारणं आणि आधी विचारलाय याचा पत्ताच नसणं. रोजच्या भाजीवाल्याकडून घरी येताना रस्ता चुकणं. आयुष्यभर पासबुक चोख ठेवणारा माणूस साध्या हिशोबात अडकणं. चाळीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईला पुरणानंतर पुढे काय करायचं ते न सुचणं, गॅस चालू राहणं, स्वभाव बदलणं, विनाकारण संशय घेणं. चावी कुठे ठेवली हे विसरणं वेगळं आणि चावी हातात घेऊन हिचं काय करायचं असा प्रश्न पडणं वेगळं.

तर एक साधी वही करा. तारीख, वेळ, काय झालं, एवढंच. वेळ मुद्दाम लिहा, कारण दोन आठवड्यांनी वही चाळली की कधीकधी लगेच दिसतं की गोंधळ नेहमी संध्याकाळीच होतो, किंवा सकाळची गोळी घेतल्यावर दोन तासांनी, किंवा उपासाच्या दिवशी. ही वही डॉक्टरांसमोर ठेवलीत तर "काही आठवत नाही हो हिला" या एका वाक्यापेक्षा शंभरपट उपयोगी पडते. आणि हे त्यांच्या नकळत, त्यांचा अपमान होणार नाही अशा बेताने करा. पाहुण्यांसमोर "ओळख बरं आजी, हा कोण?" अशी परीक्षा घेणं कृपया बंद करा, त्यातून कळत काही नाही, फक्त आजी ओशाळते.

घाबरून जाऊ नका हेही सांगते. देशपातळीवरच्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या साधारण 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया (रोजचे व्यवहार अडतील इतकी स्मरणशक्ती आणि समज ढासळणं) आहे. आकडा मोठा आहे, 88 लाखांच्या आसपास माणसं होतात, पण याचा अर्थ असाही आहे की विसरणाऱ्या बहुतेक आजी-आजोबांना डिमेन्शिया नसतो.

पायरी 2: अचानक झालं असेल तर पुढचं वाचू नका, दवाखाना गाठा

परवापर्यंत बरे होते आणि काल रात्रीपासून काहीबाही बोलतायत, माणसं ओळखत नाहीत, किंवा उलट नुसतेच गुंगीत पडून आहेत, तर हा म्हातारपणाचा विसराळूपणा नाहीच. वयस्कर माणसात लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, अशा गोष्टी ताप न येतासुद्धा थेट डोक्यावर दिसतात. रक्तातलं सोडियम उतरणं हे तर आपल्याकडे फार कॉमन. ते साधारण 135 ते 145 मध्ये असायला हवं, आणि बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं (बऱ्याचदा नावाच्या शेवटी इंग्रजी एच असतो) त्याने ते खाली जाऊ शकतं, त्यात आजोबा जेवत नसतील, मीठ तोडलेलं असेल, तर अजून.

पडले होते का हेही आठवून बघा, अगदी दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुद्धा. डोक्याच्या आत हळूहळू रक्त साठत जातं आणि बाहेर टेंगूळही दिसत नाही, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका जास्त. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड, असं असेल तर मिनिटांचा प्रश्न आहे, घरात चर्चा करत बसू नका.

पायरी 3: गोळ्यांची पिशवी पलंगावर ओता

हे मी शब्दशः सांगतेय. प्रत्येक घरात एक पिशवी किंवा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. तो पलंगावर उलटा करा. त्यात चालू गोळ्या निघतात, गेल्या वर्षीच्या निघतात, मुलीने पाठवलेल्या निघतात, मेडिकलवाल्याने "झोप येईल" म्हणून दिलेल्या निघतात, आणि एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने दोन डॉक्टरांनी दिलेलंही निघतं. मधुमेहाचा डॉक्टर वेगळा, गुडघ्याचा वेगळा, पोटाचा वेगळा, आणि सगळ्या गोळ्या एकत्र बघणारं कोणीच नसतं.

स्मरणशक्तीच्या दृष्टीने यातल्या काही बाजूला काढून डॉक्टरांना दाखवायच्या. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही मंडळी. सर्दी-खाज-ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि कफ सिरप. ॲमिट्रिप्टिलीन, जी पाठदुखी-मायग्रेनसाठीसुद्धा देतात. वारंवार लघवीला होतं म्हणून दिलेल्या काही गोळ्या. यातल्या बऱ्याचशा मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचं काम अडवतात आणि आठवण साठवायला तर तेच लागतं. विशीतल्या माणसाला याने थोडी सुस्ती येईल, पंचाहत्तरीतला माणूस चक्क भ्रमिष्टासारखा वागू शकतो.

पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः झोपेची गोळी. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. ती डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

आणि एक, पिशवीत मेटफॉर्मिन (मधुमेहाची) किंवा पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल (ॲसिडिटीची) वर्षानुवर्षं चालू असेल तर त्यांच्यावर खूण करा. पुढच्या पायरीत त्यांचं काम आहे.

पायरी 4: रक्त तपासा, आणि बी-12 चा आकडा स्वतः वाचा

फॅमिली डॉक्टरांना सांगून या टेस्ट करून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), व्हिटॅमिन बी-12, थायरॉइडची टीएसएच, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), कॅल्शियम, लिव्हर. थायरॉइड मंद असलं तरी माणूस मंद होतो, बोलणं-चालणं सगळंच, आणि गोळीने सुधारतो. शुगरबद्दल पुढे बोलते.

आता बी-12. हा विषय आपल्या घराघरातला आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, वस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे मिळून 441 मध्यमवयीन पुरुष तपासले होते, 2006 साली ते काम छापून आलं, आणि त्यातल्या 67 टक्के लोकांचं बी-12 कमी निघालं. सत्तर-ऐंशीच्या वयोगटाबद्दल बोलतच नाहीये मी, ही चाळिशीच्या आसपासची धडधाकट माणसं होती.

असं का होतं? बी-12 फक्त प्राणिज पदार्थांत असतं. मांस, मासे, अंडी, दूध, दही, संपलं. पालेभाजीत नाही, डाळीत नाही, बीटात नाही, स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या पावडरच्या) डब्यावर काहीही लिहिलेलं असो, त्यातलं बहुतांश आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं. रोज लागतं किती, तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एक कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, एका अंड्यात अर्धा-पाऊण. आणि दूध आपण दिवसभरात तीनदा उकळतो त्यात काही भाग जातो, शिवाय आजीच्या वाट्याला ते दूध येतं चहात दोन-तीन चमचे. मग वर वयाचा भाग. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला पोटातलं ॲसिड लागतं आणि ते उतारवयात अनेकांचं कमी होतं, त्यात ॲसिडिटीची गोळी ते आणखी कमी करते, आणि मेटफॉर्मिन आतड्यातलं शोषण कमी करतं. म्हणजे शाकाहारी, मधुमेही, ॲसिडिटीची रोज गोळी खाणारी सत्तरीची बाई, आणि आपल्या प्रत्येक नात्यागोत्यात अशी एक असतेच, तिला हे तिन्हीकडून बसतं. लिव्हरमध्ये साठा काही वर्षं पुरतो म्हणून सगळं गुपचूप चालतं आणि एक दिवस पायाला मुंग्या, तोल जाणं, जीभ लाल-गुळगुळीत होणं, चिडचिड, विसरणं असं सगळं सुरू होतं, आणि घरचे म्हणतात वय झालं.

रिपोर्टमध्ये 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, 200 ते 300 मध्ये असेल तर सीमारेषा. लॅबने शेजारी "नॉर्मल" छापलंय म्हणून 210 वर खूश होऊ नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. टेस्टच्या आधी व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, नाहीतर आकडा फुगलेला येतो, आणि "नसांची गोळी" म्हणून जी लाल कॅप्सूल चालू असते तिच्यात बहुधा मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-12 च असतं, हेही लॅबला जायच्या आधी बघा. अजून एक, नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं, त्यामुळे "रक्त वाढायच्या गोळ्या" हा यावरचा उपाय नव्हे.

कमी निघालं तर डॉक्टर इंजेक्शनं देतात किंवा जास्त ताकदीच्या, 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या रोज. एवढी मोठी का, तर शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी शंभरातला एखादा भाग तसाच झिरपतो आणि तेवढा पुरतो. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, डोकं आणि नसा महिने घेतात. आणि खूप वर्षं अंगावर काढलेलं सगळंच्या सगळं भरून येत नाही, म्हणून लवकर करायचं. दुसरी बाजूही सांगते, ज्याचं बी-12 आधीच व्यवस्थित आहे त्याला अजून इंजेक्शनं टोचून स्मरणशक्ती वाढत नाही.

पायरी 5: आता ताट

मी कोणाच्या घरी गेले की आधी विचारते, कालच्या दिवसात काय काय खाल्लंत ते सांगा, चहासकट. एका सत्तरी पार केलेल्या काकूंचं उत्तर जसंच्या तसं देते कारण ते फार ओळखीचं आहे. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दहाला परत अर्धा कप चहा. दुपारी एक पोळी, भाजी, थोडा वरणभात. चारला चहा-खारी. रात्री "मला कुठे एवढं लागतं, आपली मऊ खिचडी, नाहीतर दुधात अर्धी पोळी". बस्स. सून म्हणाली, "त्यांचं खाणं पथ्याचंच आहे हो, तेलकट-बिलकट काही नाही." या ताटातलं प्रोटीन ओढूनताणून पंचवीस-तीस ग्रॅम भरतं. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम लागतं, म्हणजे पंचावन्न किलोच्या काकूंना साठच्या आसपास. निम्म्यावरच गाडी. आणि काकूंचं वजन गेल्या वर्षात उतरलं होतं ते कोणी लक्षातच घेतलं नव्हतं, सगळे म्हणत होते बारीक झाल्या, छान. या वयात आपोआप उतरलेलं वजन चांगलं लक्षण नसतं, विसरणं सुरू व्हायच्या आधीही ते दिसू शकतं.

मेंदू आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा खातो. त्याला उपाशी ठेवून वर ब्रेन टॉनिक पाजण्यात काय अर्थ आहे?

तर ताट भरायला सुरुवात अशी करा. वरण पातळ नको, घट्ट. एक वाटी घट्ट वरण किंवा मूग-मटकीच्या उसळीत सात-आठ ग्रॅम प्रोटीन मिळतं, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. रात्रीच्या खिचडीत डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे करा आणि सोबत वाटीभर ताजं दही द्या. चारच्या खारीच्या जागी भाजलेले फुटाणे, आणि दात नसतील तर त्याच फुटाण्यांचं पीठ ताकात कालवून. दात हा मोठा मुद्दा आहे बरं का, कवळी सैल झालीये किंवा टोचतेय म्हणून माणूस बिस्किटांवर येतो आणि सांगतो "भूक नाही". कवळी दुरुस्त केली की ताट आपोआप सुधारतं. (मिश्री लावणाऱ्या आज्यांनी हिरड्या आणि तंबाखू दोन्हीकडे बघावं, पण ते त्यांना सांगायची माझी हिंमत अजून अर्धीच आहे.) किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती हे डॉक्टरांना विचारूनच.

पालेभाजी रोज एक वाटी. मेथी, माठ, चाकवत, शेपू, शेवग्याचा पाला, जे बाजारात मिळेल ते. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी 2015 मध्ये माइंड नावाचा आहार मांडला, त्यात पालेभाजीला वेगळा मान आहे, शिवाय कडधान्यं, सुकामेवा, बेरी, मासे, आणि लोणी-चीज-तळलेलं-गोड कमी. हजारो मैलांवरची ही यादी आपल्या पिठलं-भाकरी-पालेभाजीपासून फार लांब नाहीये. पण पूर्ण गोष्ट सांगायची तर 2023 मध्ये याच आहाराची नीट चाचणी झाली, 604 लोकांवर तीन वर्षं, आणि साध्या कमी कॅलरीच्या आहारापेक्षा त्याने ठळक असा फरक पडला नाही. म्हणजे नुसतं ताट बदलून तीन वर्षांत चमत्कार होत नाही. उलट फिनलंडमधल्या फिंगर अभ्यासात (2015, 1260 माणसं, वय 60 ते 77, दोन वर्षं) खाणं, व्यायाम, मेंदूचे खेळ आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र केलं तेव्हा फरक दिसला. म्हणून मी आहारतज्ज्ञ असूनही तुम्हाला नुसतं ताटात अडकू देत नाहीये.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली हे स्वस्तातले तेलकट मासे आठवड्यातून दोनदा खावेत. सुरमई-पापलेटच हवं असं काही नाही. तळण्यापेक्षा तिखलं किंवा हुमण करा. कोकणात-गोव्यात हे सांगावं लागत नाही, पुण्या-मुंबईत येऊन चिकनवर स्थिरावलेल्यांना सांगावं लागतं. सुकट-सुके बोंबील चालतात पण मीठ बघून. शाकाहारी असाल तर जवस आणि अक्रोड. जवस भाजून कुटूनच खायचे, अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. चमचाभर जवसाची चटणी रोज, ठीक. पण जवसातल्या ओमेगा-3 चं (मेंदूला लागणाऱ्या एका चरबीचं) माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फारच थोडं करतं, त्यामुळे चटणीकडून बांगड्याची अपेक्षा ठेवू नका.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, यात लोणचं-पापड-फरसाण सगळं आलं. वयानुसार वास आणि चव कमी कळते म्हणून आजोबा वरून मीठ घेतात, त्यांना लिंबू, कोकम, आमसूल, जिरेपूड द्या, ताटाला चव येते आणि मिठाचा हात आवरतो. बीपी आटोक्यात ठेवणं हे स्मरणशक्तीसाठी कुठल्याही सुपरफूडपेक्षा मोठं काम आहे, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बीपीने खराब होतात आणि त्या परत मिळत नाहीत.

शुगरचं दोन्हीकडून असतं. वाढलेली तर वाईटच, पण सत्तरीपुढे उतरलेली शुगर जास्त घातक, कारण घामाघूम होऊन गोंधळलेला माणूस घरच्यांना "विसराळू" वाटतो. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि एकादशी, संकष्टी, चातुर्मास सगळं कडक चालूये, अशा घरात उपासाच्या दिवशी वहीत गोंधळाची नोंद आली तर नवल नाही. सकाळी गोळी, मग दुपारपर्यंत पोटात काही नाही, मग एकदम साबुदाण्याची खिचडी, आधी खाली मग वर. उपास सोडायला लावणं मला कधी जमलं नाही आणि त्यावर भांडण्यात अर्थही नाही. त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि साबुदाण्याऐवजी राजगिरा, भगर-शेंगदाण्याची आमटी, दूध, ताक असं दर तीन-चार तासांनी द्या.

पाणी: म्हातारपणी तहान लागल्याचं नीट कळत नाही. रात्री उठावं लागेल म्हणून बरेचजण मुद्दाम कमी पितात. एक तांब्या सकाळी भरून ठेवा, तो संध्याकाळी सहापर्यंत संपवायचा, दुसरा भरा, रात्री थोडंच. हृदयाचं किंवा किडनीचं पाणी-बंधन असेल तर हे लागू नाही.

पायरी 6: टॉनिकचा बाजार

भिजवलेले पाच बदाम चांगले आहेत, खा, पण शेंगदाण्याहून जादा त्यांनी स्मरणशक्तीसाठी काही सिद्ध केलेलं नाही. हळद रोजच्या भाजीत आहे तेवढी राहू द्या, तिच्यातला करक्युमिन शरीरात फार कमी शोषला जातो. खोबरेल तेल चमच्याने पिऊन डिमेन्शिया बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. गिंकोची (एका झाडाच्या पानांच्या अर्काची) अमेरिकेत मोठी चाचणी झाली, 75 च्या पुढची 3069 माणसं, सुमारे सहा वर्षं, 2008 मध्ये निकाल आला आणि डिमेन्शिया टळला नाही. ब्राह्मीवर छोटे अभ्यास आहेत, काहींत निरोगी लोकांच्या आठवणीत थोडी सुधारणा दिसलीये, डिमेन्शियावर तसं ठाम काही नाही, आणि डोक्याला लावायच्या ब्राह्मी तेलाने मालिश छान होते एवढंच. कुठलंही काढा-चूर्ण चालू असेल तर ते गोळ्यांच्या पिशवीत धरून डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर गिंकोसारख्या गोष्टी त्रास देऊ शकतात.

पायरी 7: कान, डोळे, चालणं, झोप

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी 14 कारणं दिली आहेत, आणि ती सगळी हाताळली तर जगातला जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा अंदाज आहे. त्यात ऐकू कमी येणं आणि दिसणं कमी होणं दोन्ही आहेत. साधी गोष्ट आहे, जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? आजोबा "हो हो" म्हणतात आणि आपण समजतो विसरले. कानात मळ आहे का बघा, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. 2023 मध्ये श्रवणयंत्रांवर चाचणी झाली तेव्हा सगळे मिळून बघितलं तर फरक नव्हता, पण ज्यांची जोखीम आधीच जास्त होती त्यांची घसरण तीन वर्षांत निम्म्याने मंदावली. मोतीबिंदू "पिकू दे मग बघू" म्हणून ठेवू नका, ते जुनं झालं आता.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलताना थोडा दम लागेल इतपत. आठवण साठवायचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे असतं, उतारवयात तो वर्षाला एक-दोन टक्क्यांनी आकसतो. 2011 च्या एका अमेरिकन प्रयोगात 120 वयस्कर लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालवलं तर त्यांचा तो भाग दोन टक्क्यांनी वाढलेला निघाला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा नाही. झोपेत घोरून मध्येच श्वास थांबत असेल तर तेही तपासा. आणि जोडीदार गेल्यानंतर सुरू झालेलं विसरणं असेल तर डिप्रेशनचा विचार करा, उपचाराने ते विसरणं कमी होऊ शकतं.

पायरी 8: रोजचं सोपं करा

वस्तूंच्या जागा ठरवा आणि बदलू नका, "आवरून ठेवलं" म्हणून सुनेने चष्म्याची जागा हलवली की आजीचा दिवस गेला. गोळ्यांसाठी वारांचा डबा आणा, मंगळवारचा कप्पा रिकामा म्हणजे घेतली, वाद संपला. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, रोज त्यांनीच खूण करायची. काही लक्षात ठेवायचं असेल तर ऐकून दहा वेळा घोकण्यापेक्षा थोड्या वेळाने न बघता आठवायचा प्रयत्न जास्त टिकतो, पाच मिनिटांनी, मग तासाने, मग रात्री. भजनी मंडळातलं नवीन भजन असंच पाठ करवून घ्या. शब्दकोडं सोडवणाऱ्याला शब्दकोडं जास्त चांगलं यायला लागतं, त्याहून नवीन काहीतरी शिकणं, चार माणसांत जाणं, पत्ते कुटणं, नातवाला पाढे शिकवणं बरं. तेच तेच विचारलं तर "आत्ताच सांगितलं ना!" न म्हणता परत सांगा. अवघड आहे, माहितीये.

तीन महिन्यांनी

बी-12, सोडियम, जे बिघडलं होतं ते परत तपासा, वजन करा, आणि वही परत दोन आठवडे लिहून पहिल्या वहीशी ताडून बघा. सुधारणा असेल तर चालू ठेवा. नसेल किंवा घसरण असेल तर न्यूरॉलॉजिस्ट, किंवा वयस्करांसाठी काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ. ते प्रश्नोत्तरांची चाचणी घेतील, गरजेप्रमाणे एमआरआय सांगतील. ही चाचणी माणसाच्या भाषेत आणि शिक्षणाला धरून घेतली पाहिजे, चौथी शिकलेल्या आजीला इंग्रजीतून प्रश्न विचारून मार्क कमी आले तर त्याला अर्थ नाही, तसं होत असेल तर तिथेच बोला. सोबत दोन्ही वह्या, सगळ्या गोळ्या, रिपोर्ट, आणि चष्मा-कानाचं मशीन लावून न्या. कोणाकडे जायचं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416.

निदान काहीही येवो, बँकेतलं नॉमिनेशन, जॉइंट खातं, मृत्युपत्र, मोबाईलचे पासवर्ड ही कामं आत्ता, त्यांना सगळं नीट समजतंय आणि त्यांची सही चालतेय तोवर, त्यांना शेजारी बसवून आणि त्यांनाच विचारून उरका.